चाळीतली मोकळी जागा भरू नका

मे महिन्यात कांद्याचा भाव पडलेला असतो, खळ्यावर उन्हाळ कांद्याचा ढीग असतो आणि वळवाचे ढग जमू लागतात. अशा वेळी चाळीत रिकामी जागा दिसली की शेतकऱ्याचा हात थांबत नाही. निफाड तालुक्यात आमच्या घरी एका वर्षी हेच घडलं. चाळ दुपाखी, मधे मोकळी वाट. माल उरला तेव्हा चाळ बांधणारे मिस्त्री म्हणाले, "दादा, ही वाट कशाला रिकामी ठेवता? दोन ट्रॉल्या आरामात बसतील." घरात सगळ्यांना ते पटलं. वाट भरली आणि कप्प्यांवरही फूटभर थर चढला.

जुलैच्या झडीत चाळीतून वास येऊ लागला. बाहेरच्या फळ्यांमधून दिसणारा कांदा मात्र खणखणीत होता. सडला होता तो मधला. वाटच उरली नसल्याने तिथे हात पोचेना. सडका काढायचा तर वरचा चांगला माल उपसावा लागणार, आणि बाहेर पाऊस. शेवटी वाटेतला कांदा गेलाच, शिवाय त्याचं पाणी लागून दोन्ही कप्प्यांची आतली बाजूही खराब झाली. जो वाचला त्याला काजळी आलेली, म्हणून तो खादेच्या भावाने द्यावा लागला.

याचं कारण समजून घ्या. साठवलेला कांदा जिवंत असतो. तो श्वास घेतो, उष्णता आणि ओल बाहेर टाकतो. चाळीचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच आणि फटींचा ठेवतात तो यासाठीच: खालून गार हवा शिरावी आणि कांद्यातली गरम, दमट हवा वरून, बाजूने निघून जावी. कांद्याला २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. श्रावणात आपल्याकडची हवा याहून दमट असते. तिथे फिरता वारा हाच आधार, आणि वाट भरली की तोच बंद होतो.

२५ टनी चाळीचं गणित कागदावर मांडून पाहा. प्रत्येकी ४० फूट लांब, ४ फूट रुंद असे दोन कप्पे, ५ फुटांपर्यंत भराई. म्हणजे १६०० घनफूट, एका घनफुटात साधारण साडेपंधरा किलो कांदा. उंची एका फुटाने वाढवली की आणखी ५ टन बसतात, म्हणून मोह होतो. पण त्या थराचं ओझं तळच्या कांद्यावर पडतं. तो दबतो, खरचटतो, आणि सड तिथून सुरू होते. माल जास्त असेल तर चाळीची लांबी वाढवा. रुंदी आणि उंची वाढवू नका. एकपाखी चाळ दक्षिणोत्तर आणि दुपाखी पूर्व-पश्चिम बांधा. छपराला साधा लोखंडी पत्रा तापतो. सिमेंटचा पत्रा किंवा मंगलोरी कौलं बरी.

जागा खरी वाचते ती भराईच्या आधी. काढणीपूर्वी दहा-पंधरा दिवस पाणी तोडा. उपटलेला कांदा तीन-चार दिवस पातीसकट शेतात सुकू द्या, मग इंचभर मान ठेवून पात कापा आणि दहा-बारा दिवस सावलीत पातळ थरात राहू द्या. मान नीट मिटली नाही तर तिथूनच रोग आत शिरतो. त्यानंतर निवड करा. जोड कांदा, डेंगळे, चिरलेला, खरचटलेला माल चाळीत नेऊच नका, लगेच विका. गोल्टी वेगळी काढा, कारण ती मोठ्या कांद्यांमधल्या फटी बुजवते. माती, पाला, सुटलेली टरफलंही हवेचीच जागा खातात. खरीप आणि रांगडा कांदा टिकत नाही, त्याच्यासाठी चाळ अडवू नका.

लांब कप्प्यात आडव्या फळ्या लावून खण पाडा. एका खणात एकाच शेताचा, एकाच वेळी काढलेला माल भरा. एक खण बिघडला तर तेवढाच रिकामा करता येतो. ज्या मालाची खात्री नाही, तो दाराजवळच्या खणात ठेवा आणि सगळ्यात आधी बाजारात न्या. मधल्या वाटेने आठवड्यातून एकदा तरी फिरा. तळाशी वाकून वास घ्या, फटीतून हात घाला. झडीचा पाऊस असेल तेव्हा पावसाच्या बाजूला गोणपाट सोडा आणि उघडीप मिळताच ते गुंडाळून ठेवा.

चाळीत मे महिन्यात किती कांदा गेला याला महत्त्व नाही, ऑक्टोबरात काट्यावर किती चढला ते मोजा. त्या हिशेबात भरलेली वाट नेहमी तोट्यात जाते. यंदा भराईआधी कप्प्याच्या आतून ५ फुटांवर रंगाची ठळक रेघ मारा आणि रेघेवर एकही पाटी ओतायची नाही, हे मजुरांना पहिल्याच दिवशी सांगा. रेघेवरचा माल त्याच आठवड्यात लिलावात न्या. भाव कमी मिळेल, पण चाळीतला बाकीचा कांदा वाचेल.