देव उशाशी ठेवायचा तर

बायो, तू पाठवलेला फोटो काल रात्री दोनदा पाहिला. दहिवलीची तुझी नवी बेडरूम, पलंगाच्या डोक्यावर फळी, फळीवर सव्वा फुटाचा संगमरवरी गणपती, शेजारी राधाकृष्ण आणि ड्रेसिंग टेबलाच्या कडेला बुद्धाचं नुसतं मस्तक. खाली तुझा प्रश्न, "ताई, वास्तूप्रमाणे बरोबर आहे ना?" फोनवर सांगितलं असतं, पण यातलं काही घरातल्यांसमोर बोलता येत नाही. म्हणून लिहिते.

आधी गणपती फळीवरून खाली घे. आजच.

लग्नानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात खोपोलीच्या भाड्याच्या खोलीत मीही उशाच्या वर अशीच फळी ठोकून घेतली होती. जुलैतली रात्र होती. भिंतीचं प्लास्टर ओलीने फुगलं, स्क्रू सैल झाला आणि मूर्ती माझ्या उशीपासून वीतभर अंतरावर आदळली. कुशीवर वळले होते म्हणून वाचले. मूर्तीचा हात तुटला. देव कोपला या धास्तीत मी महिना काढला, कुणाशी बोलले नाही. शेवटी सासूबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी मूर्तीला हळदकुंकू वाहिलं, दहीभाताचा नैवेद्य दाखवला, पाताळगंगेत तिचं विसर्जन केलं आणि घरी आल्यावर मला जवळ बसवून म्हणाल्या, "देव नाही गं कोपला, भिंत ओली होती." ते वाक्य मी आजवर जपून ठेवलंय, आता तुला देते.

आपल्या कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात पाऊस नैर्ऋत्येकडून येतो आणि चार महिने दक्षिणेच्या, पश्चिमेच्या भिंती झोडपतो. बुरशी धरते तीही बहुधा तिथेच. ईशान्येचा कोपरा त्या मानाने कोरडा राहतो आणि सकाळचं ऊनही त्यालाच आधी मिळतं. शास्त्रात ईशान्येला देव का सांगितला याची कारणं ग्रंथांत वेगळी असतील, पण आपल्याकडच्या घरात हे कारण मला पुरतं.

ईशान्येचा नियम आजकालचा नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वास्तुविद्येवर अख्खा अध्याय आहे. ईशान्येला देवघर, आग्नेयेला स्वयंपाकघर, नैर्ऋत्येला भांडीकुंडी आणि सामान, वायव्येला धान्य आणि पैसाअडका. म्हणजे ज्या घराला चार कोपऱ्यांत चार खोल्या आहेत, त्या घराचा हा हिशेब. तुझं घर वन बीएचके. हॉलच्या ईशान्येला दार आलंय, किचनच्या ईशान्येला मोरी. उरली बेडरूम. तिथे देव ठेवलास म्हणून पाप लागत नाही. इर्शाळच्या, पेठच्या डोंगराकडेच्या वाड्यांमधली ठाकरांची कारवीच्या कुडाची घरं आठव. एका छपराखाली चूल, माणसं आणि देव. मुंबईत दहा बाय बाराच्या खोलीत आपल्या आत्याने चाळीस वर्षं संसार केला, तिचा देव्हारा पलंगापासून हातभर दूर होता. ही माणसं काही कमी भाविक होती का?

तरी वेगळी खोली असेल तर देव तिथे, झोप इथे, हेच उत्तम. उल्हास नदीच्या वरच्या अंगाला, राजमाचीच्या पायथ्याशी कोंढाण्याची लेणी आहेत, आपण शाळेच्या सहलीला गेलो होतो ती. दोन हजार वर्षांपूर्वी कोरताना स्तूपाचं चैत्यगृह वेगळं केलं आणि भिक्खूंच्या निजायच्या कोठड्या शेजारच्या विहारात. देव आणि अंथरूण यांच्यामध्ये एक भिंत असावी ही माणसाची जुनी ओढ आहे. भिंत परवडत नसेल तर पडदा चालतो.

आता तुझी खरी अडचण. डोकं दक्षिणेला करून झोपावं असं सगळे सांगतात आणि तू पलंगही तसाच लावलायस. मग पाय गेले उत्तरेला, आणि देव ईशान्येला मांडला तर नेमके त्याच्याकडे. यावर उपाय तोडफोडीचा नाही, पलंग फिरवण्याचा आहे. पूर्वेला डोकं करून झोपणंही शास्त्राला मान्य आहे. पलंगाची उशाकडची बाजू पूर्वेच्या भिंतीला लाव. पाय पश्चिमेला जातील आणि ईशान्येचा कोपरा उशाच्या उजव्या हाताला येईल. तिथे पूर्वेच्या भिंतीशी छोटं बंद दारांचं कपाट उभं कर, टांगू नकोस, जमिनीवर टेकलेलं असू दे. देवाचं तोंड पश्चिमेला, पूजेला बसशील तेव्हा तुझं पूर्वेला. बसल्यावर मूर्ती छातीच्या उंचीला यावी एवढंच बघ.

कपाटाला दारं का, हे आता स्पष्टच लिहिते. नवराबायकोची खोली आहे. समोर देव उघडा असला की बाई मनातून आखडते, आणि हे ती कुणाला बोलत नाही. मला हे तिशी ओलांडेपर्यंत कुणी सांगितलं नाही. पंढरपुरात रात्री शेजारती होते, विठोबा निजतो, पहाटे काकडआरतीला उठतो. मग तुझ्या देवालाही रात्र आहे. दिवेलागणीला निरांजन लाव, झोपायच्या आधी नमस्कार करून दारं लाव आणि निवांत हो. त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. चार दिवसांचंही तेच. तुमच्या घरी पाळत असतील तर तेवढे दिवस पूजा नवऱ्याला करू दे. पण त्या दिवसांत स्वतःच्या खोलीत झोपायची चोरी वाटेल असा देव मांडू नकोस.

दिव्यावरून आठवलं. महडच्या वरदविनायकापुढे 1892 पासून नंदादीप तेवतोय म्हणतात, आणि तो पाहून आलीस की तुलाही घरी अखंड दिवा हवासा वाटतो. तिथे दिव्याची काळजी घ्यायला माणसं आहेत. तुझ्या खोलीत मच्छरदाणी आहे, पडदा आहे, सकाळची लोकल पकडायची घाई आहे. खोलीत कुणी नसताना दिवा नको. अगरबत्तीही एकच, खिडकी उघडी ठेवून.

मूर्ती कोणती, हा प्रश्न तू विचारलाच नाहीस, मला तर तोच मोठा वाटतो. मत्स्यपुराणात घरातल्या पूजेच्या मूर्तीचं माप दिलंय, अंगठ्याच्या पेरापासून फार तर वीतभर. त्यापेक्षा मोठी मूर्ती देवळाची. मोठ्या मूर्तीला स्नान, वस्त्र, नैवेद्य सगळं तसंच लागतं, आणि सहाची लोकल पकडणाऱ्या बाईला ते झेपत नाही. भेट आलेल्या मूर्तीची प्राणप्रतिष्ठा झालेली नसते, म्हणून ती शोभेची. तिला आदराने ठेवायचं, पण रोजचा उपचार चुकला म्हणून घाबरायचं नाही. तेव्हा संगमरवरी गणपती हॉलमध्ये, जड बुडाच्या कपाटावर. राधाकृष्णाची जोडी बेडरूममध्ये शोभेला छान आहे, मला आवडली. फक्त आरशाच्या समोर किंवा बाथरूमच्या भिंतीला ठेवू नकोस. रौद्र रूपं, म्हणजे तांडवाचा नटराज, नरसिंह, काली, ही झोपायच्या खोलीत नकोत, एवढं जुन्या माणसांचं ऐकावं. डोळे मिटताना जे शेवटचं दिसतं ते शांत असावं.

बुद्धाचं मस्तक मात्र काढ. दुकानात, रिसॉर्टच्या बागेत मांडतात म्हणून आपणही मांडायचं? तुझ्या शेजारच्या ताई रोज ज्यांच्यापुढे वंदना म्हणतात, त्यांचं धडावेगळं डोकं तुझ्या पावडरच्या डब्याशेजारी. त्या घरात आल्या तर काय वाटेल त्यांना? ठेवायचीच असेल तर पूर्ण मूर्ती घे आणि हॉलमध्ये उंचावर ठेव.

गणपतीत पेणहून शाडूची मूर्ती आणशील आणि इतकी गोड दिसेल की वर्षभर ठेवावीशी वाटेल. नको. ती कच्ची माती, आपल्याकडच्या हवेतली ओल ती शोषून घेते, रंग पापुद्र्यांनी सुटतात. पार्थिव मूर्ती पाण्यात जाण्यासाठीच असते.

आणि उजव्या सोंडेचा, डाव्या सोंडेचा यावरून कुणी घाबरवलं तर मला फोन कर. मला एका सल्लागाराने बाथरूम फोडायला सांगितलं होतं, शिवाय पिरॅमिड विकत घ्यायला. तेव्हा आमच्यावर घराचं कर्ज होतं आणि मी खरंच गवंड्याला विचारून आले होते. भीती घालून जो पैसे मागतो त्याला घराचा नकाशासुद्धा दाखवायचा नाही, हे तू मला वचन दे.

कपाटात काय ठेवायचं ते माझ्या मनात आहे. तुझ्या लग्नात गौरीहर पुजायला आईने दिलेली अन्नपूर्णा. सासरच्या मोठ्या देव्हाऱ्यात गर्दी म्हणून तू ती माझ्याकडे ठेवून गेलीस. पितळेची, भरीव, माझ्या मधल्या बोटाएवढी. परवा चिंचेने घासली, नाकाचा शेंडा आजीच्या आईपासून झिजत आलाय, पण लखलखली. सोबत बाळकृष्णही आहे. बास, दोनच. ताम्हनात आंघोळ, एक फूल, साखरेचा खडा, पाच मिनिटांत पूजा होते आणि लोकलही मिळते.

रविवारी मी दोन्ही घेऊन येते, लाल खणात गुंडाळून. तोवर पलंग फिरवून ठेव आणि ईशान्येच्या त्या भिंतीवर हात फिरवून बघ, पलीकडे बाथरूमचा नळ तर नाही ना. कपाटाच्या आतलं माप कळव, सागाचा पाट मी इथल्या सुताराकडून करून आणते.