हौदाचे पाणी आटू नये म्हणून

चैत्रात शिखर शिंगणापूरची यात्रा असते. माण, खटाव, आटपाडी, जत इकडची पुष्कळ माणसे तेव्हा घराबाहेर पडतात. एके वर्षी आम्हीही घराला कुलूप लावून आठ दिवस गेलो. जाताना परसातल्या हौदात चार बोटे पाणी होते. म्हटले, पुरेल. परत येऊन पाहतो तो गप्पी मासे मरून पडलेले, आणि उरलेल्या डबक्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या.

गप्पी मासा पेरा-दोन पेरांएवढा. तो अळ्या खातो. आरोग्य केंद्रात विचारले तर बहुधा मिळतो. डेंगीचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. म्हणून रांजण, पिंप आठवड्याला घासून कोरडे करावे. पण जिथे नळच आठवड्याने येतो, तिथे अख्खा हौद कोण ओतून देईल? तिथे हा मासाच राखण करतो. मात्र त्याला पाणी हवे.

उन्हाळ्यात उघड्या हौदाचे पाणी रोज सुमारे एक सेंटीमीटर उतरते. हौद एक मीटर लांब, एक मीटर रुंद असेल तर ते झाले १० लिटर. वर तट्ट्या टाकला की पुष्कळ वाचते. बाकीची भर उपडा कॅन घालतो.

शेजारची आक्का म्हणाली, "आरं, कॅन उपडा केल्यावर पाणी सगळं सांडंल की!"

"आक्का, जरा परात आण."

परातीत दोन बोटे पाणी घेतले. भरलेली बाटली अंगठ्याने दाबून उपडी केली, तोंड पाण्यात बुडवले आणि अंगठा काढला. पाणी जागचे हलले नाही. मग वाटीने परातीतले पाणी काढत गेलो. बाटलीचे तोंड उघडे पडताच एक बुडबुडा आत गेला, घळकन पाणी बाहेर आले. तोंड पुन्हा बुडाले, पाणी थांबले.

याचे कारण हवा. हवेला वजन असते. ती परातीतल्या पाण्यावर दाबते आणि बाटलीतले पाणी तोलून धरते. इटलीतल्या तोरिचेल्लीने १६४४ साली हे पत्रात लिहून ठेवले. हवा दहा मीटर उंच पाणी तोलते, मग हातभर कॅनचे काय!

आता हौदात. पाणी जिथवर हवे तिथवर विटांचे दोन ढीग रचा, मध्ये फट ठेवा. २० लिटरच्या कॅनच्या झाकणाला अंगठ्याएवढे भोक पाडा. बारीक भोकातून हवा नीट आत जात नाही. कॅन भरा, भोक दाबून दोघांनी उपडा करा. खांदे विटांवर, तोंड फटीत पाण्याखाली. दोरीने बांधून घ्या. उन्हात ठेवू नका. आतली हवा तापून फुगते आणि पाणी बाहेर ढकलते.

टीसीएल पावडरच्या पाण्याने मासे मरतात. ते पाणी आधी दिवसभर उघड्या घमेल्यात ठेवा. शिवाय आटते ते पाणी, खार मागे राहतो. म्हणून अधूनमधून थोडे पाणी काढून झाडांना घाला. पण मासे ओढ्यात, नदीत जाऊ देऊ नका. तिथल्या माशांना ते त्रास देतात.

आक्काचा पहिला कॅन दुपारपर्यंतच रिकामा झाला. बुडाला सुईएवढे भोक होते. तेथून हवा आत गेली, मग पाणी कशाला थांबते? दुसरा ठेवला आहे.