सायलीला पत्र

भिवंडी

चि. सायली,


तुझा मेसेज वाचला. ‘मी माझ्या मर्जीने जातेय, कोण काय करणार?’ अगं, वीस वर्षं मी इथे वकिलांकडे टायपिंग करतेय. हेच वाक्य पोरांच्या जामीन अर्जांत मी कितीदा टाइप केलंय! ‘मुलगी स्वखुशीने आली होती.’ वाक्य खरं असतं, आणि पोरगा आतच असतो.

तू सतरा वर्षांची. घर सोडलंस म्हणून तुला कोणी आरोपी करणार नाही. सगळं येतं ते तुला घेऊन जाणाऱ्या त्या मुलावर. २०१३ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशापासून अठराच्या आतलं मूल हरवलं की पोलीस नुसती ‘मिसिंग’ लिहून थांबत नाहीत, अपहरण धरूनच गुन्हा नोंदवतात. भारतीय न्याय संहितेचं कलम १३७, सात वर्षांपर्यंत शिक्षा. कल्याणला खोली देणारा तो मित्र? सगळं ठाऊक असून लपवलंन, तर तोही अडकतो. आणि दोघं नवरा-बायकोसारखे राहिलात की पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा. तिथे तुझ्या ‘हो’ला किंमत नाही, शिक्षा किमान दहा वर्षं. देवळात हार घातलेत तरी तेच.

कोणी तरी तुला १९६४ चा वरदराजन खटला सांगेल. अठराला थोडीच कमी असलेली मुलगी स्वतः फोन करून गेली, मुलगा सुटला. बरोबर आहे. पण सुटला तो थेट सुप्रीम कोर्टात जाऊन, आणि तेव्हा पोक्सो नव्हता. तुझ्याबरोबरच्या मुलाचे वडील दुसऱ्याच्या कारखान्यात माग चालवतात, हा अंजूरफाट्याच्या गोदामात माल चढवतो. वकिलाची फी कुठून आणणार? आधारवाडी जेलच्या भेटीच्या रांगेत त्याची आई उभी राहील. अशा आया मी रोज बघते. अर्ज टाइप होईपर्यंत बाकावर बसून असतात, चहासुद्धा घेत नाहीत.

आता दुसरं. भाऊजी तुझं लग्न ठरवताहेत म्हणून तू निघाली असशील, तर ते सरळ सांग. तसं असेल तर कायदा तुझ्या बाजूने आहे. अठराच्या आत लग्न लावणाऱ्या आईबापांनाही शिक्षा आहे. १०९८ ला फोन कर, पैसे पडत नाहीत. बाल कल्याण समितीपुढे मी स्वतः तुझ्याबरोबर येईन, ताई माझ्याशी कायमचा अबोला धरणार असली तरी.

रविवारी ये. येताना शाळेचा दाखला आण, अठराला नेमके किती महिने उरलेत ते बघू. त्यालाही घेऊन ये. कांदेपोहे करते.

तुझी मावशी