अधिकारी आणि मार्गदर्शक

मोठ्या पदावरील मनुष्याचे वर्तन कोणी सुधारावयाचे? ज्याच्या हाताखाली शंभर माणसे काम करितात, त्याचे दोष त्या शंभरांना दिसतात. परंतु सांगण्याचे धैर्य कोणास होत नाही. पद जितके उंच, तितका खरे बोलणारा दुर्मिळ. यावर उपाय म्हणून उद्योगसंस्थांत ‘एग्झिक्युटिव्ह कोचिंग’ नावाची पद्धत रूढ झाली आहे. मार्गदर्शक प्रथम अधिकाऱ्याचे वरिष्ठ, बरोबरीचे व हाताखालचे लोक यांची मते त्यांची नावे गुप्त राखून गोळा करितो व ती अधिकाऱ्यापुढे ठेवितो. मग सुधारावयाच्या एकदोन सवयी ठरतात आणि काही महिने नियमाने एकांतात संभाषण चालते. मार्गदर्शक सहसा आज्ञा करीत नाही; तो प्रश्न विचारतो.

पद्धत नवी असली, तरी तिचे तत्त्व गीतेत आहे. श्रेष्ठाच्या आचरणाचे अनुकरण लोक करितात, असे तिसरा अध्याय सांगतो. म्हणून पुढाऱ्याचा दोष त्याच्या एकट्याचा राहत नाही. दुसऱ्या अध्यायात अर्जुन आपला मोह कबूल करून शिष्यभावाने शरण येतो, तेव्हाच विस्तृत उपदेशास आरंभ होतो. आणि अठराव्या अध्यायात सर्व सांगून झाल्यावर भगवान निर्णय अर्जुनावरच सोपवितात. सारथ्याने रथ हाकला, धनुष्य मात्र हाती घेतले नाही. कबुली, अभ्यास आणि स्वतःचा निर्णय, अशा या तीन पायऱ्या होत.

या तिन्ही पायऱ्या रायपूरचे पंडित माधवराव सप्रे (१८७१–१९२६) यांच्या चरित्रात दिसतात. मराठी घराण्यातील या गृहस्थांनी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ व १९०७ मध्ये नागपुराहून ‘हिंदी केसरी’ काढिला. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांस अटक झाली. आप्तेष्टांच्या आग्रहास वश होऊन त्यांनी क्षमापत्र लिहून दिले व ते सुटले. लोकांना धैर्य शिकविणाऱ्याचेच धैर्य सुटले, ही टोचणी त्यांस असह्य झाली. त्यांनी सबब सांगितली नाही. ते वर्ध्याच्या हनुमानगढावर श्रीधर विष्णू परांजपे यांच्याकडे गेले, माधुकरी मागून राहिले आणि ‘दासबोधा’ची पारायणे केली.

तेथून परतलेला पुढारी निराळा होता. पूर्वी जो अग्रभागी होता, तो आता इतरांस पुढे करू लागला. त्यांनी ‘दासबोध’ हिंदीत आणिला; १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टिळकांच्या ‘गीतारहस्या’चेही हिंदी भाषांतर केले. १९२० मध्ये जबलपुराहून ‘कर्मवीर’ निघाला. त्यामागे सप्रे यांचे परिश्रम होते, संपादक मात्र माखनलाल चतुर्वेदी झाले. १९२४ मध्ये देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. एकदा ढळलेला पाय त्यांनी लपविला नाही, म्हणूनच तो पुन्हा स्थिर झाला.

त्याच रायपुरात २०१० पासून भारतीय प्रबंध संस्था आहे आणि तेथे व्यवस्थापनाचे शिक्षण मिळते. विद्या विद्यालयात मिळेल. परंतु आपला दोष ऐकून घेण्याची तयारी ज्याची त्यानेच आणिली पाहिजे. आजच्या पद्धतीतील उणीव येथेच संभवते. मार्गदर्शकास वेतन बहुधा संस्था देते, आणि अधिकारी केवळ वरून आदेश आला म्हणून त्याच्यासमोर बसतो. अशा वेळी बैठका पुऱ्या होतात, वहीत नोंदी होतात; हाताखालच्या कारकुनाला मात्र पूर्वीचाच उद्धट शब्द ऐकावा लागतो. शरणागतीवाचून झालेला उपदेश पालथ्या घड्यावरील पाण्यासारखा होय.

तेव्हा ज्याच्याकडे अधिकार आहे, मग तो कारखान्याचा असो, शाळेचा असो वा घराचा, त्याने आपल्याहून लहान अशा एका मनुष्यास शांतपणे विचारावे : “माझ्या कोणत्या वागण्याने तुम्हांस त्रास होतो?” उत्तर मिळाल्यावर समर्थन करू नये. ते ऐकावे, त्यातील एकच गोष्ट धरावी, तिचा महिनाभर अभ्यास करावा आणि फरक पडला की नाही, हे पुन्हा त्याच मनुष्यास विचारावे. अर्जुनाचे धैर्य युद्धापूर्वी या प्रश्नातच प्रकट झाले होते.