खराब माल कोण दाखवेल?

प्रश्न : भोसरीत आमचा सुट्या भागांचा कारखाना आहे. ग्राहक कंपनीच्या आग्रहाने नवी गुणवत्ता पद्धत आणली, प्रशिक्षण दिले, फलक लावले. सहा महिन्यांत सगळे पहिल्यासारखे. कामगारांनाच बदल नको आहे का?
– एक उद्योजक

उत्तर : कामगारांवर खापर फोडण्यापूर्वी रिजेक्शनची लाल बिन पाहा. शिफ्ट संपता संपता त्यातले जॉब गुपचूप चांगल्या मालात जात असतील, तर कारण शोधा. खराब जॉब दाखवणाऱ्याला सुपरवायझर चारचौघांत झापत असेल, तर लपवणे हेच तिथले शहाणपण ठरते. चूक सांगणाऱ्याचे पुढे काय होते, यावरून कारखान्याची संस्कृती कळते.

अशी मुरलेली संस्कृती बदलणे मोठ्या कंपनीलाही सोपे नसते. बजाज ऑटोचे पाहा. स्कूटरसाठी ग्राहक वर्षानुवर्षे थांबत, त्या काळात तिच्या आकुर्डीच्या कारखान्याची घडी बसली. १९९९ मध्ये चाकणचा कारखाना सुरू झाला, २००१ मध्ये पल्सर मोटारसायकल आली. २००७ मध्ये आकुर्डीतले वाहन उत्पादन थांबले. २०२२ पासून तिथे विजेवरची चेतक स्कूटर बनू लागली. कोऱ्या जागी नवी शिस्त लावणे सोपे जाते. तरी माणसांचे प्रश्न सुटतातच असे नाही; २०१३ मध्ये चाकणलाही दीर्घ संप झाला.

तुम्ही सकाळच्या मीटिंगपासून सुरुवात करा. ‘कोणी केले?’ऐवजी ‘कसे झाले?’ विचारा. प्रत्येक सूचनेला आठवड्यात हो किंवा नाही कळवा. आणि महिनाअखेरीस डिस्पॅचची घाई असताना सदोष माल स्वतः अडवा. तुमचे फलक खरे की खोटे, हे कामगार त्या दिवशी ठरवतात.