टॅलीत नाव जुळेना

प्रश्न : बोरी अरबला माझे कृषी सेवा केंद्र आहे. एक्सेलमधली बिले टॅलीत घेताना 'लेजर अस्तित्वात नाही' असे येते. लेजर तर समोर दिसते! काय करावे?

उत्तर : संगणक माणूस ओळखत नाही, अक्षरे जुळवतो. लेजरच्या, म्हणजे खात्याच्या, नावात दारव्हा हे गाव असेल आणि त्याचे इंग्रजी स्पेलिंग एकीकडे 'डब्ल्यू'ने, दुसरीकडे 'व्ही'ने असेल, तर संगणकाच्या लेखी ती दोन खाती. आधी बॅकअप घ्या. मग टॅलीतले नाव जसेच्या तसे एक्सेलमध्ये टाका. घाईने नवे लेजर उघडू नका. त्याने एकाच गिऱ्हाइकाची उधारी दोन ठिकाणी विभागते. पार्टी नोंदणीकृत असेल, तर १५ अंकाक्षरी जीएसटी क्रमांक ताडा. महाराष्ट्राचा २७ने सुरू होतो. प्रथम एकच बिल घेऊन पाहा, मगच बाकीची.