अंगणवाडी : उपकार नव्हे, बालकाचा हक्क



जुलै १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बाळंतपणाच्या काळातील मातेची विश्रांती ही राष्ट्रहिताची बाब असल्याचे प्रतिपादन केले. पुढे राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने जनतेचे पोषणमान उंचावणे हे राज्याचे कर्तव्य ठरविले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पूर्वप्राथमिक शिक्षण आणि मातांना आहार-आरोग्य शिक्षण या तिच्या सहा सेवा. तरीही १९९३ मध्ये आपल्याच अमरावती जिल्ह्यातील मेळघाटच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. योजना कागदावर असणे आणि ती पोराच्या ताटात पोहोचणे, यांत किती अंतर असते ते तेव्हा कळले.

हे अंतर कमी करण्यास कायदा धावून आला. सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी आदेश दिला की, ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० बालके आहेत पण अंगणवाडी नाही, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती द्यावी. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना अग्रक्रम द्यावा, असेही न्यायालयाने बजावले. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने अंगणवाडीतील मोफत आहार हा हक्क झाला.

२०१७ पासूनच्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र मातेला पहिल्या अपत्यासाठी पाच हजार रुपये मिळतात. दुसरे अपत्य मुलगी असल्यास सहा हजार. पैसे थेट मातेच्या बँक खात्यात येतात. बँकेच्या काउंटरवर बसणारा मी नेहमी पाहतो : आधारवर माहेरचे नाव, खात्यावर सासरचे, किंवा खाते आधारशी जोडलेलेच नाही. अशाने हक्काची रक्कम अडकते. म्हणून गरोदरपणातच कागदपत्रे तपासून घ्यावीत.

आपण काय करावे? अमरावती, अकोल्यातील आपापल्या वस्तीत सहा वर्षांखालील मुलांची यादी करा. नोंद नसलेल्या बालकांची व गरोदर भगिनींची नावे अंगणवाडीत नोंदवा. अंगणवाडीच नसेल, तर बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करून पोच घ्या. विद्यार्थ्यांनी एक रविवार या कामी दिला, तरी विहारातील वंदनेला करुणेची जोड मिळेल.

जय भीम! नमो बुद्धाय!